व्याह्यांची कवळी

"बाबा! ओ बाबा, इकडे!"

हाक ऐकू आली तसा तो वळला. आवाज मुलाचाच होता, त्यात शंकाच नव्हती. एक पाय फुटपाथवर, एक रस्त्यात, हातात ब्रेडची पिशवी, असा तो वळला आणि चेहऱ्यावर आपोआप हसू आलं. गर्दीत कुणी आपल्याला ओळखलं की येतं तसं. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर मुलगा उभा होता. गळ्यात गिटार अडकवलेली, एक हात उंच करून हलवत होता. पण तो याच्याकडे बघत नव्हता. त्याची नजर याच्या डोक्यावरून पलीकडे गेली होती, आणि पलीकडून व्याही येत होते, काखेत क्लॅरिनेटची काळी पेटी, भुवया उंचावलेल्या, "आलो रे बाबा, आलो, म्हाताऱ्याला पळवतोस काय" असं म्हणत, हसत, वाट काढत. ते याच्या अगदी शेजारून गेले. त्यांनी याला पाहिलं नाही. याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, आणि ते आता कुठे ठेवायचं हे त्याला कळेना. शेवटी तो पेपरच्या स्टॉलमागे सरकला आणि टांगलेल्या मासिकांकडे बघत उभा राहिला.

लग्न झाल्यापासून मुलगा व्याह्यांना 'काका' म्हणायचा. म्हणजे निदान याच्यासमोर तरी. 'काका' हा शब्द बरा होता. काका कुणीही असतो. बसमध्ये शेजारी बसलेला माणूससुद्धा काका असतो. हा बदल कधी झाला असेल? एका दिवसात असं होत नाही. आधी चुकून तोंडातून निघालं असेल, बायको तसं म्हणते म्हणून; मग सगळे हसले असतील; मग व्याह्यांनी पाठीवर थाप मारली असेल. त्यांना थापा मारायची सवयच होती. आणि सून यालाही 'बाबा'च म्हणते, अगदी पहिल्या दिवसापासून, त्याचं व्याह्यांना कधी काही वाटलं नसेल, हाही विचार मनात आला. पण तो त्याने पुढे जाऊ दिला नाही. मुलीचं वेगळं असतं, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि ते का वेगळं असतं याचं उत्तर शोधायला थांबला नाही.

खरं तर आज तो घराबाहेर पडला तो याच गाण्यापासून लांब राहायला. वर्षातून एक दिवस सगळं शहर गायला बसायचं. रस्ते बंद, गाड्या बंद, जो तो आपलं वाद्य घेऊन जागा मिळेल तिथे उभा; ऐकायला कुणीही यावं, तिकीट नाही, काही नाही. दातांच्या दवाखान्याला सुट्टी होती, पण मागच्या बाजूच्या त्याच्या कामाच्या खोलीची किल्ली त्याच्याकडेच असे. "काम आहे," असं त्याने सकाळी बायकोला सांगितलं. ती आरशासमोर उभी राहून कानात काहीतरी घालत होती. "बरं," एवढंच म्हणाली. तिने आग्रह केला नाही, याचं त्याला तेव्हा बरं वाटलं होतं. आता तीच बायको ग्रंथालयाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, सुनेला खेटून, मांडीवर पर्स धरून बसलेली दिसत होती. म्हणजे तिला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

वाजवायला सुरुवात झाली. त्याला ते कळलं ते माणसांच्या चेहऱ्यांवरून. त्याला ऐकू नीट यायचं. शेजारच्या खोलीत टाचणी पडली तर तो मान वर करायचा. फोनवर नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखायचा. शब्द कळायचे, ठेका कळायचा. पण सूर म्हणून लोक जे काही म्हणतात, ते त्याच्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं. कपाटातली भांडी एकामागून एक खाली यावीत तसा तो आवाज यायचा. कधी हळू, कधी जोरात, पण भांडीच. लहानपणी शाळेत सगळ्या वर्गाला एकदम गायला लावायचे, तेव्हा गाण्याच्या बाई रांगेतून कान देत देत आल्या आणि याच्यापाशी थांबल्या. रागावल्या नाहीत. गालाला हात लावून म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव हं, राजा." तो त्या दिवसापासून ओठ हलवत आला. लग्न ठरायच्या आधी ती, म्हणजे आताची बायको, त्याला एका मैफलीला घेऊन गेली होती. मध्येच तिचे डोळे भरले आणि तिने त्याचा हात धरला. त्यानेही डोळे मिटले, मान किंचित हलवली. तिला वाटलं, हा आपल्यासारखाच आहे. तिचा हात हातात होता आणि ती तिथे नव्हती. ती कुठेतरी आत गेली होती, दार लावून, आणि दाराला बाहेरून कडीच नव्हती.

मुलगा लहानपणी त्याचा होता, एकट्याचा. शाळा सुटली की थेट कामाच्या खोलीत यायचा, उंच स्टुलावर बसून पाय हलवत गुलाबी मेणाचे प्राणी करायचा. हा साच्यात प्लॅस्टर ओतायचा, दात एकेक करून ओळीत बसवायचा, आणि दोघं तासन्‌तास बोलायचे नाहीत. मध्येच मुलगा विचारायचा, "बाबा, हे आजोबा हसले की हेच दात दिसणार?" "हेच." "मग त्यांचं हसू आपण केलं." असं ते दोघं. मग मामाने वाढदिवसाला गिटार आणली. पोराला ती घ्यायची कशी हे जणू आधीच माहीत होतं. संध्याकाळी तो पलंगावर बसून तारा छेडायचा, बायको स्वयंपाकघरातून ओलेच हात घेऊन दारात येऊन उभी राहायची, आणि तिच्या तोंडावर तोच चेहरा यायचा, मैफलीतला. मग दोघं एकमेकांकडे बघून हसायचे. हा खुर्चीत पेपर घेऊन बसलेला. अशा वेळी तो उठायचा आणि गॅलरीत जायचा. दार हळूच ओढून घ्यायचा.

आता व्याह्यांनी डोळे मिटले होते. गाल फुगले, मान एका बाजूला कलली, आणि मुलगा त्यांच्याकडे बघत होता. त्याची बोटं तारांवर आपोआप चालत होती, पण डोळे म्हाताऱ्याच्या खांद्यावर होते. खांदा जरा वर गेला की मुलगा थांबे, खाली आला की पुन्हा सुरू होई. काय बोलत होते ते दोघं एकमेकांशी? त्यात एकही शब्द नव्हता. स्टुलावरच्या त्या संध्याकाळीही शब्द नसायचे, पण तेव्हा मुलगा असा बघायचा का? त्याने आठवून पाहिलं. मेणाकडे बघायचा. त्याच्या पोटात काहीतरी हळूहळू वर सरकलं, आंबट, गरम. गर्दीतल्या बाया माना डोलवत होत्या. कुणीतरी म्हणालं, "बापलेक दिसतात. काय जमलंय दोघांचं!" त्याने मान वळवून त्या माणसाकडे पाहिलं. साधा, चष्मेवाला माणूस होता. त्याला काही सांगावं असं वाटलं, पण काय सांगणार?

तेवढ्यात व्याह्यांचा हात तोंडाकडे गेला. क्लॅरिनेट थांबली. लोकांना वाटलं, दम लागला. याला मात्र त्याच क्षणी कळलं. वरची कवळी. ती त्यानेच केली होती, तीन वर्षांपूर्वी, मुलाचं लग्न ठरल्यावर लगेच. क्लॅरिनेटचं टोक वरच्या दातांवर टेकतं म्हणून त्याने व्याह्यांना वाद्य घेऊन बोलावलं होतं, चार वेळा फुंकायला लावून पुढचे दात घासून घासून बसवले होते. "डॉक्टरांनी मला माझा सूर परत दिला," असं व्याही तेव्हापासून प्रत्येक समारंभात सांगायचे. तो डॉक्टर नव्हता, दवाखान्यासाठी कवळ्या करणारा होता. त्यांनाही ते ठाऊक होतं. आता ते रुमाल तोंडाशी धरून पाठमोरे झाले होते, आणि याच्या मनात जे आलं त्याला आनंदच म्हणावं लागेल. लख्ख, उघडा आनंद, कुणी बघत नसताना गोड खाल्ल्यासारखा. तो स्टॉलमागून एक पाऊल पुढे आला, नीट दिसावं म्हणून, आणि बायकोने मागे वळून पाहिलं.

"अहो! तुम्ही इथेच? देवासारखे आलात हो!"

मग सगळेच त्याच्याकडे वळले. मुलगा पायऱ्या उतरून धावत आला. "बाबा, त्यांची कवळी मोडली. मधोमध. संध्याकाळी बागेत मोठा कार्यक्रम आहे आमचा. होईल ना?" ही हाक खरोखर त्याला होती. पण ती कामाची हाक होती; नळ गळायला लागला की प्लंबरला मारतात तशी.

"बघावं लागेल," तो म्हणाला.

मुलगा दोघांना कामाच्या खोलीपर्यंत सोडून परत गेला. बाकीची मंडळी आणि सामान पायऱ्यांवरच होतं. व्याही त्याच उंच स्टुलावर बसले. आणखी जागाच नव्हती. रुमालातून त्यांनी दोन तुकडे काढून टेबलावर ठेवले. दात नसलेला त्यांचा चेहरा याने पूर्वी कितीदा तरी पाहिला होता, पण तेव्हा तो नुसता एक जबडा होता. आज वरचा ओठ आत गेलेला, नाक खाली आलेलं, गालांची पिशवी झालेली. एवढा मोठा आवाज करणारा माणूस एकदम कुणाचा तरी आजारी चुलता वाटू लागला.

"फांगा डॉक्टर," ते म्हणाले आणि स्वतःच हसले, तोंडावर हात धरून. मग एकेक शब्द जपून उच्चारत म्हणाले, "सांगा. जमेल?"

त्याने दोन्ही तुकडे जोडून पाहिले. स्वच्छ तुटले होते. कडेला कडा अशी बसली की मधली रेघ दिसेना. मेणाने धरायचं, खाली प्लॅस्टर ओतायचं, चीर रुंद करून पावडर आणि द्रव कालवून भरायचं, गरम पाण्यात कडक होऊ द्यायचं, घासायचं. चहा दोनदा गार होईल एवढा वेळ.

"आज कठीण आहे," तो म्हणाला. "उद्या सकाळी मिळेल."

स्वतःचा आवाज त्याला अगदी नेहमीसारखा वाटला. व्याह्यांनी मान हलवली. त्यांनी 'जरा बघा ना' म्हटलं नाही, घाई केली नाही. त्यांनी नुसती पेटी मांडीवर ओढून घेतली आणि तिच्या कडीशी अंगठ्याने चाळा करत बसले.

"राहिलं मग. तुम्ही म्हणताय तर नाहीच होणार." थोडं थांबून ते म्हणाले, "पोराचा हिरमोड होईल. वर्षभर दर रविवारी येतो हो माझ्याकडे. खूप मेहनत घेतलीय."

"दर रविवारी?"

"म्हणजे... तुम्हाला माहीत नाही?" ते गडबडले. "मी म्हटलं त्याला, अरे, तुझ्या घरी बसू कधीतरी, वडिलांनाही ऐकू दे. तर म्हणाला, नको. मी वाजवायला लागलो की बाबा उठून जातात. लहानपणापासून. त्यांना माझं वाजवणं सोसत नाही."

बाहेर कुठेतरी कुणीतरी ढोल बडवत होतं, खिडकीची काच बारीक थरथरत होती. तो हातातल्या तुकड्याकडे बघत राहिला. सोसत नाही. पोराने शब्द बरोबर शोधला होता, आणि तो तितकाच चुकीचा होता. आपल्याला सूर कळतच नाहीत, हे या माणसाला सांगावं का आत्ता? सांगितलं तर हा काय करेल ते त्याला दिसत होतं: डोळे भरून येतील, पाठीवर थाप पडेल, आणि पुढच्या समारंभात सगळ्यांना कळेल. नाही. ती गोष्ट तरी या माणसाला द्यायची नव्हती.

फोन वाजला. मुलगा. "बाबा, काय झालं? होतंय का?" याने उत्तर द्यायच्या आधीच तो पुढे बोलत सुटला, "नाही झालं ना, तर त्यांना सांगा, अजिबात वाईट वाटून घेऊ नका. आम्ही तिकडे येतो, त्यांना घरी नेतो. मी आज तिथेच थांबेन त्यांच्यापाशी. एकटे पडले की फार मनाला लावून घेतात ते. आईही येते म्हणतेय."

त्याच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. व्याह्यांची बैठकीची खोली. मध्ये दात नसलेले व्याही, पांघरूण घेऊन. एका बाजूला मुलगा, त्यांचा हात हातात धरून. दुसऱ्या बाजूला बायको, मऊ भात भरवायला निघालेली. आणि हा? कवळी करणारा. मोडक्या माणसावर लोक किती प्रेम करतात! धडधाकट व्याह्यांपेक्षा हा बोळका म्हातारा जास्त जड जाणार होता. हे त्याच्या लक्षात आलं, तसा त्याने मेणाचा दिवा पेटवला.

"होईल," तो फोनमध्ये म्हणाला. "तासाभरात पाठवतो."

मग तो कामाला लागला. हात चालू झाले की त्याचं डोकं नेहमी शांत व्हायचं, आज झालं नाही. द्रवाचा उग्र वास खोलीभर पसरला, व्याही खोकले, त्याने खिडकी उघडली नाही. घासताना, चाक फिरत असताना, त्याला वाटलं, पुढच्या दाताची कड नखभर कमी केली तर? दिसणार नाही. बोलताना कळणार नाही. फक्त क्लॅरिनेट टेकली की आत कुठेतरी हवा सुटेल, आणि म्हातारपण आलं असं सगळे समजतील. चाक फिरत होतं. त्याने दात चाकाजवळ नेला, आणि हाताने ऐकलंच नाही. चांगुलपणा वगैरे काही नव्हता त्यात. इतकी वर्षं एकच काम केलेला हात होता, त्याला वाकडं काही करता येत नव्हतं, एवढंच. त्याचा त्याला रागच आला.

"आ करा." व्याह्यांनी आ केला. त्याने दोन्ही अंगठ्यांनी कवळी टाळूला दाबून बसवली. ओला, गरम जबडा, त्याच्या बोटांवर त्यांचा श्वास. "चावा. बाजूला सरकवा. आता वाजवा."

व्याह्यांनी तिथेच, स्टुलावर बसून, वाद्य ओठांना लावलं. एवढ्याशा खोलीत तो आवाज भिंतींवर आपटला. याने कवळीवर नजर ठेवली. ती हलत नव्हती. व्याह्यांनी थांबून त्याच्याकडे पाहिलं, पोराने मास्तरांकडे बघावं तसं. "बरोबर?"

"बरोबर," त्याने मान डोलावली.

संध्याकाळी बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. बायकोने त्याच्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती, अगदी पुढे. व्याह्यांनी सुरुवातीलाच, लोकांसमोर, सगळी कथा सांगितली. दात कसे मोडले, डॉक्टरांनी सगळं काम टाकून कसे जोडले. टाळ्या झाल्या. त्याला उठून उभं राहावं लागलं. मग भांडी पडायला लागली, आणि तो नेहमीसारखा चेहरे बघू लागला. बायको आत गेली होती. सून आत गेली होती. मागे वळून पाहिलं तर सगळी बागच आत गेली होती, म्हातारेकोतारे, आयांच्या कडेवरची पोरं, फुगेवाला. आणि बाहेर तो एकटा होता. गॅलरी नव्हती. पुढच्या रांगेतून उठून जाणार कुठे? तो बसून राहिला. मुलाने मध्येच एकदा त्याच्याकडे पाहिलं, पटकन, हा आहे का गेला ते बघायला. मग पुन्हा पाहिलं.

मध्यंतरात मुलगा खाली उतरून आला. घामेजलेला, चमकत्या डोळ्यांचा. आईकडे न जाता थेट याच्यासमोर उभा राहिला.

"तुम्ही बसलात," तो म्हणाला. "कसं वाटलं, बाबा?"

अशा प्रश्नाचं उत्तर आजवर बायको द्यायची. आत्ताही तिने तोंड उघडलं होतं. "मला कळलं नाही," तो म्हणाला.

"म्हणजे? आवडलं नाही?"

"आवडायला कळावं लागतं. मला गाणं ऐकूच येत नाही रे. आवाज येतो. तुझा, त्यांचा, सगळ्यांचा एकच. लहानपणापासून असंच आहे."

मुलगा आधी हसला. मग त्याचं हसू विरत गेलं. बायको खुर्चीतच वळली होती आणि त्याच्याकडे अशी बघत होती, जणू कुणी परका माणूस येऊन तिच्या नवऱ्याच्या खुर्चीत बसला होता.

"आणि मी वाजवायचो तेव्हा?" मुलाने हळू आवाजात विचारलं. "तुम्ही उठून जायचात ते?"

"तुम्ही दोघं कुठेतरी जायचात. मला येता यायचं नाही. मग मीही जायचो, गॅलरीत." त्याने खांदे उडवले. "तिथून समोरच्यांचं गॅरेज दिसायचं."

मुलाने गळ्यातली गिटार काढली. शेजारची रिकामी खुर्ची ओढून तो तिच्यावर बसला, गिटार मांडीवर आडवी टाकून, वापरत नसलेल्या वस्तूसारखी. तेवढ्यात वर दिवे लागले. लोक परत जागेवर येऊ लागले. मंचावर व्याह्यांनी क्लॅरिनेट उचलली आणि इकडेतिकडे पाहिलं.

"चल रे!" ते हसत ओरडले.

"सुरू करा तुम्ही, आलोच," मुलगा बसल्या जागेवरून म्हणाला, आणि उठला नाही. त्याने विचारलं, "म्हणजे माझं कुठलं आणि त्यांचं कुठलं, हेही कळत नाही?"

"नाही."

"आईचं गुणगुणणं?"

"नाही. पण ती गुणगुणतेय हे कळतं. तिची हनुवटी वर होते."

बायकोचा हात नकळत हनुवटीकडे गेला. मुलगा जरा सरकून बसला, खांद्याला खांदा लागेल एवढा, आणि आणखी विचारू लागला. दाराच्या घंटीचं काय, पक्ष्यांचं काय, आणि हसणं, हसणं ओळखू येतं का? वर व्याही एकटेच वाजवत होते. निदान त्यांचे गाल फुगत होते. आज पहिल्यांदाच त्यांचे डोळे मिटलेले नव्हते. ते वाजवता वाजवता खाली बघत होते, रांगेतून शोधत, आणि मुलगा सापडला तशी त्यांची नजर तिथेच थांबली. मग शेजारी याच्यावर आली. ती नजर याला अनोळखी नव्हती. आत काय असतं तेही त्याला ठाऊक होतं, पोटापासून वर सरकणारं. थकलेला माणूस होता, कवळी नवी जोडलेली, एवढ्या लोकांपुढे एकटा. आता 'जा बेटा, ते थांबलेत' असं म्हणायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं.

"सांगा ना," मुलगा म्हणाला, "हसणं?"

"तुझं ओळखू येतं," तो म्हणाला, आणि 'जा' म्हणाला नाही.